भोसरीच्या वस्तीचे दोन रकाने

शाळेचे जनरल रजिस्टर हे ऐतिहासिक साधन आहे, असे कोणी दहा वर्षांपूर्वी लिहिले असते तर संशोधक मंडळींनी ते हसण्यावारी नेले असते. सन २०२३ च्या सप्टेंबरात निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि मराठा कुटुंबांच्या कुणबी नोंदी शोधण्याकरिता महसुली दप्तरे, गाव नमुना नंबर १४ म्हणजेच कोतवाल बुक, आणि शाळांची जीर्ण रजिस्टरे कपाटांतून बाहेर निघाली. मोडी वाचणारांस एकाएकी मागणी आली. आम्हांसारख्या निवृत्त शिक्षकाच्या ओसरीवरही सकाळ-संध्याकाळ लोक कागद घेऊन बसू लागले.

अशांपैकी भोसरीच्या एका जुन्या घराण्यातील गृहस्थांनी आमच्यापुढे दोन उतारे ठेविले. एक जन्माच्या नोंदीचा, मोडीतील. त्यात त्यांच्या खापरपणजोबांच्या नावापुढे ‘कुणबी’ असे होते. दुसरा शाळेच्या रजिस्टराचा, बाळबोध लिपीतील. त्यात पणजोबांच्या नावापुढे ‘मराठा’. गृहस्थांनी विचारले, “गुरुजी, यांतले खरे कोणते? आम्ही मूळचे कोण?” दाखल्यापुरते उत्तर आम्ही तेव्हाच दिले. परंतु ‘मूळचे कोण’ हा प्रश्न दाखल्याहून मोठा आहे आणि तो त्या एका घरापुरता नाही. सबब त्याचा विचार येथे करीत आहोत.

आम्ही भोसरी व आसपासच्या टापूत तीस वर्षांवर अध्यापन केले. प्रवेशाच्या हंगामात रजिस्टर भरण्याचे काम संस्कृतच्या मास्तरांकडे येई, कारण अक्षर बरे. त्या रजिस्टरात पुष्कळ रकाने असतात. आमच्या प्रस्तुत विषयास उपयुक्त असे दोनच. एक ‘जात’ व दुसरा ‘जन्मस्थान’. पहिल्या रकान्याकडे सर्वांचे लक्ष असते, पालकाचे, तपासणी अधिकाऱ्याचे आणि आता समितीचेही. दुसरा कोणी वाचीत नाही. आमचे म्हणणे असे की, भोसरीची वस्ती कशी बनली हे जाणण्यास हा दुसरा रकाना पहिल्याहून अधिक विश्वसनीय आहे, आणि या प्रांतातील जुनी साधनेही, नीट पाहू गेल्यास, बहुतांशी दुसऱ्याच रकान्याची भाषा बोलतात.

भोसरी पुण्याच्या उत्तरेस सुमारे आठ मैलांवर, पवना व इंद्रायणी या दोन नद्यांच्या मधील उंचवट्यावर वसली आहे. ईशान्येस आळंदी, वायव्येस देहू, पश्चिमेस चिंचवड, आणि उत्तरेस नाशिककडे जाणाऱ्या वाटेवर मोशी व पुढे चाकण. गावाचे जुने नाव भोजापूर असे सांगतात व भोज राजाची ही राजधानी होती अशी आख्यायिका जोडतात. कॅम्पबेलसाहेबांच्या देखरेखीखाली १८८५ साली निघालेल्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटियरातही हे नाव आले आहे. धारच्या परमार भोजास येथवर ओढण्याचे कारण आम्हांस दिसत नाही. मावळात बेडशाच्या लेण्यातील एका लेखात महाभोजाची कन्या महारठिनी सामडिनिका हिच्या दानाचा उल्लेख आहे; कुलाब्यातील कुडे येथे महाभोजांचे एक घराणेच लेखांतून दिसते. सातवाहनकाळी भोज ही या सह्याद्रीच्या घेरातील मातबर घराण्यांची पदवी होती. भोजापूर या नावाचा उगम शोधावयाचा तर माळव्यापेक्षा तो येथेच, एका दिवसाच्या वाटेवर, शोधणे शहाणपणाचे. अर्थात नामसादृश्य हा पुरावा नव्हे, हेही आम्ही जाणतो.

गावच्या परिसरातील ओबडधोबड मोठ्या शिळांच्या जुन्या रचना त्याहूनही पूर्वीच्या वस्तीची साक्ष देतात. अशी शिलावर्तुळे विदर्भात जुनापाणी, माहूरझरी, नायकुंड येथे विपुल असून त्यांचा काळ लोहयुगाचा, इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातला ठरला आहे. ती रचणारे लोक कोण, यावर आमच्या तरुणपणी भोसरीत पैजा लागत. कोणी त्यांस गवळी म्हणे, कोणी राक्षस. शिळेवरून रचणाऱ्याची जात काढता येत नाही, आणि आजच्या एखाद्या आडनावापर्यंत तिची वंशावळ आणणे हा तर बुद्धीचा अपव्यय आहे. भोसरीत लांडगे, लांडे, गव्हाणे, फुगे ही आडनावे जुनी व प्रसिद्ध. लांडगे या नावावरून एखाद्या प्राण्यास कुलचिन्ह मानणाऱ्या आदिम टोळीपर्यंत धाव घेणारे विद्वान आम्हांस भेटले आहेत. आमच्या वर्गात एका बाकावर लांडगे, कोल्हे व वाघ असे तिघे बसत. तिघांची गावे निरनिराळी आणि गणितात तिघेही सारखेच कच्चे.

लेखी पुरावा जेथून सुरू होतो तेथून मात्र चित्र बदलते. कार्ल्याच्या चैत्यगृहातील खांबांवर दात्यांची नावे आहेत. तेथे दाता आपली ओळख कशी देतो? ‘धेनुकाकटाचा’ म्हणून, सोपाऱ्याचा म्हणून. आणि वैजयंतीचा, म्हणजे कानडी मुलखातील बनवासीचा, श्रेष्ठी भूतपाल म्हणून. त्यांत कित्येक ‘यवन’ आहेत, आणि त्या यवनांची नावे सिहधय, धम अशी शुद्ध देशी आहेत. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी भोसरीपासून दोन मजलांवर परदेशी मूळ सांगणारा मनुष्य स्थानिक नाव धारण करून, स्थानिक भिक्षूंस खांब देऊन, आपल्या गावाच्या नावाने ओळखला जात होता. पुढे ताम्रपटांच्या काळी ब्राह्मणास भूमिदान देताना त्याचे गोत्र व शाखा लिहीत, आणि तो अन्य देशातून आला असल्यास ‘अमुकस्थानविनिर्गत’ असे विशेषण लावीत. शके ६९० म्हणजे इ. स. ७६८ चा राष्ट्रकूट कृष्ण पहिला याचा तळेगाव ताम्रपट ‘पूनक विषयातील’ गावाविषयीच आहे. पुण्याच्या नावाचा तो अगदी आरंभीचा लेखी दाखला. असे ताम्रपट वाचताना आम्हांस नेहमी जनरल रजिस्टर आठवते. ‘विनिर्गत’ हाच त्यातला जन्मस्थानाचा रकाना.

आपण कोठले यावरून तंटा होऊन रक्त सांडल्याचे याच टापूतील जुने उदाहरण चाकणचे आहे. बहमनी सुलतान दुसरा अलाउद्दीन अहमदशहा (१४३६–१४५८) याच्या कारकीर्दीत मलिक-उत्-तुज्जार हा सरदार कोकणच्या मोहिमेत शिर्क्यांच्या हातून मारला गेला. त्याच्या फौजेतील वाचलेले अरब, इराणी व तुर्क लोक चाकणच्या आश्रयास आले. दरबारातील ‘दखनी’ पक्षाच्या सरदारांनी त्यांच्याविरुद्ध सुलतानाचे कान भरले आणि चाकणास त्यांची कत्तल केली. फिरिश्त्याने हा वृत्तांत दिला आहे. ज्यांची कत्तल झाली त्यांस त्या काळी ‘गरीब’ म्हणत. अरबीत या शब्दाचा अर्थ परका, परदेशी. आपल्या भाषेत येऊन तो निर्धन झाला. आणि कत्तल करणारे जे ‘दखनी’, त्यांत सव्वाशे वर्षांपूर्वी महंमद तुघलकाच्या वेळी दिल्लीहून दौलताबादेस आलेल्यांचे वंशज पुष्कळ होते. सव्वाशे वर्षे, म्हणजे चार-पाच पिढ्या. एवढ्या अवधीत परका मनुष्य ‘येथला’ झाला आणि नव्या परक्यावर शस्त्र धरू लागला.

आता मराठेशाहीच्या कागदांकडे येऊ. संग्राहकांस हे क्षेत्र परिचित असल्यामुळे पारिभाषिक विवेचन आम्ही लांबवीत नाही; परंतु एक गोष्ट विस्ताराने मांडणे अवश्य आहे. गावच्या जमिनीचा थळझाडा ज्यांनी वाचला असेल त्यांस ठाऊक आहे की, तेथे शेत हे थळाच्या नावाने मांडलेले असते, आणि थळ म्हणजे ते शेत प्रथम ज्या कुळाकडे होते त्याचे नाव. ते कूळ नष्ट झाले तरी थळाचे नाव राहते आणि जमिनीस ‘गतकुळी’ म्हणतात. कोणत्याही गावच्या थळझाड्यात गतकुळी थळे दिसली की आपण जाणावे, ‘मूळची’ म्हणविणारी घराणी गेली, दुसरी आली, आणि दुसरी आता स्वतःस मूळची म्हणतात. दुष्काळ, स्वाऱ्या, पटकी यांनी पुणे प्रांतातील गावे वारंवार ओस पडली व पुन्हा वसली. कौल देऊन लावणीसाठी कुळे बोलावणे हे तर राज्यकर्त्याचे नेहमीचे काम होते.

गाव मनुष्यास दोन वर्गांत विभागी. मिरासदार अथवा थळकरी, आणि उपरी. हा भेद रक्ताचा नव्हता, हक्काचा होता. उपऱ्याने नजर भरून, गोताच्या साक्षीने मिरासपत्र करून घेतले की तो थळकरी होई. उलट परागंदा झालेला मिरासदार कित्येक वर्षांनी परतला तरी त्याचा हक्क गोत मान्य करी. निमी पाटिलकी विकली गेल्यामुळे एका गावात दोन आडनावांचे पाटील नांदताना आपण सर्रास पाहतो. आणि हे गोत म्हणजे तरी कोण? महजरावर पाटलाच्या नांगराबरोबर सुताराचा वाकस व न्हाव्याचा आरसा या निशाण्या उमटत. महार साक्षीस असे. आणि बलुतेदारांत गुरव-जोश्यांबरोबर मुलाणाही असे. सीमेच्या वादात महाराची साक्ष ही विशेष मानली जाई, कारण गावच्या शिवेची माहिती त्याच्या घरात पिढीजात. यावरून जुने गाव समतेचे होते असा निष्कर्ष कोणी काढू नये. ज्या महाराची साक्ष प्रमाण, त्याचे घर गावकुसाबाहेरच होते. उपऱ्यास मिरास विकत मिळे, पण महारास गावकुसाच्या आत घर कोणत्याही नजरेने मिळत नसे. जन्मस्थानाचा रकाना त्याच्या बाबतीत कोणी विचारला नाही, कारण पहिला रकानाच त्याच्यावर कुंपण घालून बसला होता. आमच्या प्रतिपादनास पडलेली ही मोठी मर्यादा आहे आणि ती लपविणे अप्रामाणिकपणाचे होईल.

‘वंश’ ही कल्पना येथील कागदांत आली ती इंग्रजी जनगणनेबरोबर. १९०१ च्या जनगणनेचे प्रमुख रिस्ले यांनी नाकाची रुंदी व डोक्याचा आकार मोजून हिंदुस्थानच्या लोकांचे वंश ठरविले आणि मराठी मुलखातील ब्राह्मण व कुणबी यांस ‘शकद्राविड’ वर्गात घातले. १९०८ साली त्यांचा ग्रंथ निघाला तेव्हा पुष्कळ सुशिक्षितांस त्याची भुरळ पडली. शक येथे आले खरे. नहपानाचा जावई उषवदात याने कार्ल्याच्या भिक्षूंस गाव दिल्याचे लेखात आहे. परंतु एका राजकुलाच्या आगमनावरून लक्षावधी शेतकऱ्यांचे नाक समजावून सांगणे म्हणजे पुलावरून एक वरात गेली म्हणून नदीस पूर आला असे म्हणण्यासारखे आहे. डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये यांनी १९३२ च्या ग्रंथात रिस्ले यांच्या मापांची झडती घेतली. १९३९ पासून डेक्कन कॉलेजात असलेल्या इरावतीबाई कर्वे यांनी याही पुढे जाऊन असे दाखविले की, एका नावाची जात हीच मुळात एक नसते. महाराष्ट्रातले कुंभार घ्या. थोरचाके निराळे, लहानचाके निराळे. धंदा एक, नाव एक, पण बेटीव्यवहार नाही आणि एकाच कुळातून फुटल्याचा पुरावाही नाही. बलुत्यात ‘कुंभार’ असा शब्द आला म्हणून तो कोठला कुंभार, हे कळण्यास पुन्हा दुसरा रकानाच पाहावा लागतो.

त्या गृहस्थांच्या दोन उताऱ्यांचा उलगडा येथे होतो. १८८५ च्या गॅझेटियरात कुणबी या मथळ्याखालीच मराठ्यांचेही वर्णन असून दोहोंमध्ये रेषा आखणे कठीण आहे, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. कुणबी म्हणजे कसणारा. जन्माची नोंद करताना कामकरी कुटुंबास कुणबी म्हणणे हे त्या काळी सहज होते. पुढे विसाव्या शतकात मराठा म्हणविण्यात प्रतिष्ठा आली, शिक्षणसंस्था व चळवळी उभ्या राहिल्या, आणि मुलास शाळेत घालताना आजोबाने ‘मराठा’ सांगितले. मास्तरांनी ते लिहिले. आता एकविसाव्या शतकात नातू ‘कुणबी’ शोधतो. तिघेही खरे बोलत होते. बदलला तो रकान्याचा अर्थ. हीच गोष्ट दुसऱ्या बाजूनेही पाहता येते. २५ डिसेंबर १९५४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी देहूरोड येथे बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली, दोन वर्षांनी नागपुरास धर्मांतर झाले, आणि त्यानंतरच्या रजिस्टरांत या टापूतील कित्येक पित्यांनी ‘महार’ हा शब्द घालू न देता ‘बौद्ध’ लिहविला. येथे पहिला रकाना मनुष्याने स्वतःच्या हाताने, विचारपूर्वक बदलला. शाळा तपासणीत ‘जुन्या नोंदीशी विसंगत’ असा शेरा त्यावर आल्याचे आम्ही पाहिले आहे. विसंगत होते हे खरेच. विसंगती हाच त्या कृत्याचा हेतू होता.

आता दुसऱ्या रकान्याविषयी. आम्ही नोकरीच्या आरंभी जुनी पाने उलटली तेव्हा एक गोष्ट पाहून चकित झालो. भोसरीच्या जुन्या घराण्यांतील मुलांचे जन्मस्थान पुष्कळदा भोसरी नव्हेच! चऱ्होली, मोशी, चाकण, खेडकडील गावे, मुळशीकडील गावे. पुढे आमच्या सौभाग्यवतींनी हसत उलगडा केला. पहिले बाळंतपण माहेरी. मुली बहुधा परगावी दिल्या जातात व सुना परगावाहून येतात. म्हणून ज्याचा बाप दहा पिढ्यांचा भोसरीकर, त्याची आई प्रत्येक पिढीत उपरी! वंशावळ लिहिणारे आपण पुरुषांची नावे एकाखाली एक मांडतो आणि घराणे एका जागी रुतलेले आहे असे समजतो. आयांची गावे मांडली तर त्याच घराण्याचा पट भीमा-घोडनदीपर्यंत पसरतो. थोर घराण्यांच्या बखरीवजा वंशावळींत जे सापडत नाही ते या मातकट रजिस्टरांत आहे.

गावची स्थिती बदलण्यास प्रारंभ तसा पूर्वीच झाला होता. शेजारच्या पिंपळे सौदागर गावाचा अभ्यास हॅरॉल्ड मॅन यांनी १९१७ साली प्रसिद्ध केला. तेथे १७७१ साली सरासरी धारणा ४० एकरांची होती ती १८१८ साली साडेसतरा व १९१५ साली अवघी ७ एकर झाली होती. खडकीचा दारूगोळ्याचा कारखाना १८६९ पासूनचा. शेत पुरेना म्हणून मनुष्य मजुरीस निघाला, हे औद्योगिक वसाहतीपूर्वीचे आहे. फाळणीनंतर पिंपरीस सिंधी निर्वासितांची छावणी पडली. १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आले. १ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन होऊन भोसरीच्या माळावर भूखंड पडू लागले. ४ मार्च १९७० रोजी पिंपरी-वाघेरे, चिंचवड, आकुर्डी व भोसरी या चार गावांची मिळून नगरपालिका झाली व ११ ऑक्टोबर १९८२ रोजी महापालिका. १९७१ च्या जनगणनेत या नगराची लोकसंख्या ८३,५४२ होती. २०११ साली ती १७,२७,६९२ झाली. चाळीस वर्षांत वीसपट. कोणत्याही पेशव्याने कौल देऊन अशी वसाहत केली नाही.

या वीसपटीचा इतिहास आम्ही स्वहस्ते जन्मस्थानाच्या रकान्यात लिहिला आहे. आरंभी सातारा, सोलापूर, नगर. १९७२ च्या दुष्काळात उठलेल्या मराठवाड्यातील घरांची मुले आम्ही रुजू झालो तेव्हा शाळेत होतीच. लातूर, उस्मानाबाद, नांदेड ही नावे पुढे वाढत गेली. जळगाव-धुळ्याकडील मुले आली ती अहिराणी घेऊन. शुद्धलेखनात आम्ही त्यांचे गुण कापले, याचा आज खेद वाटतो, कारण ते लेखनदोष नव्हते, दुसऱ्या बोलीचे नियम होते. मागून बिदर व गुलबर्ग्याची कानडी मुले, केरळातील फोरमनांच्या मुली, मारवाडी दुकानदारांची मुले. आणि आमच्या निवृत्तीच्या सुमारास उत्तर प्रदेश व बिहारमधील जिल्ह्यांची नावे, ज्यांचे शुद्धलेखन आम्हांस त्या मुलांसच विचारावे लागे. गाववाले व बाहेरचे हा भेद खेळाच्या मैदानावर असे. कबड्डीत मात्र तो टिकत नसे, कारण चांगला चढाईवाला सर्वांस हवा. निवडणुकीच्या दिवसांत तो पुन्हा उगवे. ज्यांचे वडील १९७२ साली बिऱ्हाड पाठीवर घेऊन आले तेच आता नव्या बिऱ्हाडांस ‘बाहेरचे’ म्हणतात. चाकणच्या दखन्यांस सव्वाशे वर्षे लागली; येथे पन्नास पुरली.

३० एप्रिल २०२५ रोजी केंद्र सरकारने आगामी जनगणनेत जातिनिहाय गणना करण्याचा निर्णय जाहीर केला. सर्व जातींची गणना होऊन तिचे आकडे प्रसिद्ध झाले ते १९३१ साली; त्यानंतरचा हा पहिलाच प्रसंग. पहिल्या रकान्याची मोजणी होणे हे न्यायाच्या दृष्टीने अवश्य असेल. ज्यांस त्या रकान्याने पिढ्यानपिढ्या गावकुसाबाहेर ठेविले त्यांचा हिशोब कोणी तरी मांडावयास हवाच. आमची तक्रार निराळी आहे. नोंदींच्या शोधात एके ठिकाणी आम्ही साहाय्यास गेलो असता असे दिसले की, ‘कुणबी’ हा शब्द ज्या पानांवर सापडला तेवढ्यांच्या प्रतिमा काढल्या गेल्या आणि उरलेली रजिस्टरे ओलसर जमिनीवर गठ्ठे करून टाकण्यात आली. पंधरवड्याने गेलो तो वाळवी लागलेली. त्या गठ्ठ्यांत महार, मांग, रामोशी, मुलाणा, धनगर, सगळ्यांच्या मुलांची जन्मस्थाने होती. म्हणजे ज्यांच्या घरी ना सनद ना मिरासपत्र, त्यांच्या पूर्वजांविषयीचा बहुधा एकुलता एक लेख.

यास्तव हस्तलिखितसंग्राहकांस आमची विनंती आहे की, कुलकर्ण्यांच्या दप्तरांइतकीच आस्था त्यांनी या रजिस्टरांविषयी दाखवावी. नक्कल करावयाची ती संपूर्ण पानाची, सर्व रकान्यांसह; शेऱ्यांसह आणि खाडाखोडीसहसुद्धा. जातीच्या रकान्यातील खाडाखोड ही चूक समजून सोडू नये, तिची तारीख पाहावी. ‘शाळा सोडल्याचे कारण’ या रकान्यात ‘परगावी गेला’ असे असेल तर ते गाव लिहून घ्यावे. हयात माणसांच्या नोंदी मात्र प्रसिद्ध करू नयेत.

त्या भोसरीच्या गृहस्थांनी आमच्या सांगण्यावरून पणजोबांचे सबंध पान उतरवून आणिले. दाखल्यास लागणारा शब्द त्यात नव्हता, आणि पणजोबांचे जन्मस्थान भोसरी नव्हते, चऱ्होली होते. गृहस्थ बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, पणजीचे घर तेथे असावे खरे; कारण चऱ्होलीच्या जत्रेस त्यांच्या घरातून एक नारळ अजून जातो, आणि तो का जातो हे घरात कोणास सांगता येत नव्हते.